समुद्राकडच्या भिंतीतला आकडा

१९ जानेवारी २००३, रविवार

सातची मिस्सा. नंतर रेजिनबाय चर्चमधून सरळ आमच्याकडे गासला आली. हातात प्लास्टिकची फाइल. चहा येईपर्यंत ती मांडीवरच ठेवली. मग म्हणाली, "पावलू, कळंबच्या जागेत घर बांधते. पेंढ्याचं."

मोनिका कप ठेवता ठेवता थांबली. "म्हशी घेताय का, बाय?"

"माझ्यासाठी."

डिसेंबरात ती रिटायर झाली. चौतीस वर्षं मुंबईच्या हॉस्पिटलात नर्स, चौतीस वर्षं क्वार्टर. सध्या वसईला मैत्रिणीकडे आहे. सख्ख्या भावाकडे राहा म्हटलं की विषय बदलते. कळंबला बाबांनी तिच्या नावे केलेला तुकडा आहे. पाच सुरूची झाडं आणि रेती.

फाइलमध्ये इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स. दाबलेल्या पेंढ्याच्या गाठी विटांसारख्या रचायच्या, दोन्ही अंगांनी गिलावा. चित्रं मला कळली, मजकूर तिने वाचून सांगितला.

"आठवतं का, बाबांची वखार?"

आठवते. मुंबईच्या तबेल्यांना जायच्या गवताच्या गाठी. मे महिन्यात आम्ही दोघं दोन थप्प्यांच्या मधल्या फटीत बसायचो. तेवढा गारवा नंतर कुठल्या खोलीत लागला नाही, म्हणाली.

मी चित्राचं एक पान ठेवून घेतलं.

२२ जाने., बुध.

विरारहून आर्किटेक्ट मुलगी आली. सायली. वय असेल सव्वीस. मला अंकल म्हणते, रे.बायला आंटी. कर्जतला असं एक गोदाम बांधलंय, राहतं घर पहिलंच.

लोखंडी सामान तीन तऱ्हेचं लागणार. जोत्यातून वर आलेले सळईचे खुंट, त्यावर पहिली गाठ रोवायची. कोपऱ्यात दोन गाठी एकमेकींना धरून ठेवायला सळईच्या जाड पिना. आणि गाठींवर कोंबड्यांची जाळी ताणून बसवायला तारेच्या लांब पिना. या बाराशे तरी. ही जाळी गिलाव्याला धरते आणि पिना जाळीला.

"परदेशात हे रेडिमेड मिळतं, अंकल. इथे म्हणजे..." एवढं बोलून ती माझ्या हातांकडे बघत राहिली. रे.बायने आधीच सांगून ठेवलं असणार. बावीस वर्षं खिळ्यांच्या कंपनीत. कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली.

जाताना आणखी एक सांगितलं. पेंढ्याच्या घरात आतून हातभर जागा गिलावा न करता काच लावून ठेवायची रीत आहे. पाहुण्यांना आतला पेंढा दिसावा म्हणून. खरेपणाची खिडकी.

रे.बाय: "मला नको. आल्यागेल्याला पोट उघडून कशाला दाखवायचं?"

२४ जाने., शुक्र.

नालासोपाऱ्याला तीन दुकानं फिरलो. तिसऱ्याने चित्र उलटं धरून पाहिलं. "काका, लोकांनी विटा कधीच शोधून काढल्यात. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

दहा गेजची जीआय तार आणली. चकचकीत. खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा असलेलीच तार पाहिजे असं सा. दोनदा म्हणाली होती.

२७ जाने., सोम.

तारेच्या पिनेचा आकार जमत नव्हता. मो. अंबाडा घालत होती. तिच्या तोंडात धरलेला आकडा बघितला आणि तोच काढून घेतला. ती केस हातात धरून उभी. "आता माझ्या डोक्यातलं पण न्या."

तोच आकार. नुसता वीतभर लांब. फळीवर दोन जाड खिळे बोटभर अंतराने ठोकले, तार त्यांच्यामधून घालून वाकवली. दोन्ही टोकं छिन्नीने तिरपी तोडली. पहिला आकडा बरा झाला. क्रूसाची खूण केली आणि दुसरा घेतला.

आमच्या घरात आता पिन कोणी म्हणत नाही. आकडे.

३ फेब्रु.

दिवसाला साठ होतात. हात लागले आहेत. फळीवरचे खिळे दोनदा बदलले.

एक दोष आहे. मुलाम्याच्या तारेत ताण असतो. वाकवून सोडली की पाय फाकतात, कात्री उघडल्यासारखे. पेंढ्यात दाबताना एक पाय सरळ जातो, दुसरा भलतीकडे. सा. म्हणते चालेल. चालेल हे खरं.

८ फेब्रु., शनि.

कामणला गेलो, गणपतकडे. हा बाबांच्या वखारीत गाठी दाबायच्या यंत्रावर असायचा. आता कामणला रस्त्याच्या कडेला सगळी गोदामं झालीत, पण त्याच्याकडे जुनं हाताचं यंत्र अजून आहे. त्यावर भाताचा पेंढा दाबून हवा म्हटलं.

"पेंढा? गवत नाय? पेंढा म्हशीबी मन लावून खात नाय, आन् रेजिनबाय त्यात ऱ्हानार?"

म्हटलं, कोणी खाऊ नये म्हणूनच पेंढा.

तो बराच वेळ हसला. मग गंभीर झाला. "पावलूभाऊ, एक आयका. गाठीला पानी लागलं का संपलं. वरून कोरडी दिसती. हात घातला का आत नुसता गरम चिखल."

मला ते माहीत आहे. वखारीत ओली गाठ निघाली की बाबा त्या दिवशी जेवत नसत.

२० फेब्रु.

कळंबला जोतं तयार. काळा दगड, दोन फूट उंच. सळईचे खुंट मी स्वतः उभे केले, ओळंबा लावून. बारा बाय सोळाची एक खोली, मोरी वेगळी. दार पूर्वेला. पश्चिमेला समुद्र, मधे फक्त सुरू.

सायकलने जातो-येतो. वाटेत जपमाळ पुरी होते.

२६ फेब्रु., बुध.

गाठी आल्या, दोन टेम्पो. रचायला सुरुवात. रे.बाय पदर खोचून उभी. पहिली गाठ खुंटांवर बसताना दाताखाली काकडी यावी तसा आवाज आला. गाठींवर हात ठेवून ती काही तरी पुटपुटली. प्रार्थना असेल किंवा गणपतला शिवी. तो गाठ तिरकी ठेवत होता.

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन कळंबला. चारही भिंती वरपर्यंत आल्या, वरची लाकडी चौकट बसली. आतून बोललं की आवाज आपल्याजवळच राहतो.

पूर्व, उत्तर, दक्षिण, तिन्ही भिंतींना जाळी लावून झाली. आकडे फाकतात ते फाकतातच. पश्चिमेची भिंत शेवटी ठेवली आहे. वारा, पाऊस, खार, सगळं तिच्या अंगावर येणार. तिथे फाकलेला आकडा मला नको.

रे.बाय सतरा वर्षांची असताना नर्सिंगला गेली. घरात एक तोंड कमी म्हणून. मी सातवीपर्यंत शिकलो तो त्यामुळे. हे आमच्यात कधी बोललं गेलेलं नाही.

८ मार्च, शनि.

उपाय सापडला. आधीच कसा सुचला नाही. कंपनीत तार आधी भाजायचो, लाल करून हळूहळू थंड होऊ द्यायचो, की ती मऊ पडायची आणि म्हणेल तशी वाकायची. अंगणात नारळाच्या करवंट्यांचा जाळ केला, पंखा लावला, तारेची वेटोळी त्यात. दिवसभर तेच. पांढरा धूर खूप आला. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू हवेत उडत होते, सावरीचा कापूस फुटावा तसे. मो. ओरडली, दोरीवरचे कपडे काढले.

तार मेणासारखी झाली. साडेतीनशे आकडे होतील एवढी. पहिले दहा करून पाहिले, पाय अगदी समांतर. चित्रातल्यासारखे.

मनात थोडा अभिमान आला. प्रायश्चित्तकाळात बरा नाही.

९ मार्च, रवि.

ताप. हुडहुडी. तोंडाला गोडसर चव, पाणीसुद्धा गोड लागतं. मिस्सा चुकली. मो. म्हणते मलेरिया.

११ मार्च

ताप उतरला, काल दुपारीच. रक्तात काही निघालं नाही. रे.बाय येऊन नाडी बघून गेली. "कशानं आला?" "माहीत नाही." "छाती?" "जरा खवखवते." तिचा नर्सचा चेहरा झाला होता.

१८ मार्च

पश्चिमेची भिंत. बाहेरून मी, आतून रे.बाय. आकडे काय सुरेख जातात. अंगठ्याने दाबले की सरळ आत. ती म्हणाली, "चौतीस वर्षं माणसांना टोचलं. कुणी असं गप्प बसून घेतलं नाही."

सा. ने जाळी ओढून बघितली. हलली नाही. "अंकल, हे तर परफेक्ट. आधीचे का नाही असे केले?" अनुभव, म्हटलं.

४ एप्रिल, शुक्र.

माती-चुन्याच्या गिलाव्याचे दोन हात झाले, नुसत्या चुन्याचा चालू. माती तुडवायला गासहून मो. आणि तिच्या चार मैत्रिणी आल्या होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल, वर गाणी. प्रायश्चित्तकाळ आहे म्हटलं तर एक म्हणाली, पाय धुवायचा गुरुवार यायचाच आहे, तेव्हा धुऊ.

कौलं चढली.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार

काम बंद. उपास. क्रूसाची वाट. हातोडा आणि खिळे यांच्याबद्दल फादर बोलत होते. बावीस वर्षं खिळे केले, तरी या दिवशी ते शब्द ऐकून दरवर्षी हात लपवावेसे वाटतात.

२० एप्रिल, पास्काचा रविवार

दुपारी सगळे कळंबला. घर पांढरं दिसतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत पाऊल टाकलं आणि वखारीतली फट आठवली. रे.बाय पलंग कुठे ठेवायचा ते पावलं टाकून बघत होती. पश्चिमेच्या भिंतीला ठेवणार. लाटांचा आवाज उशाला हवा.

मो. मला हळूच: "बायला असं हसताना मी लग्नात पण नाही बघितलं." कोणाच्या, विचारलं. "आपल्या."

२६ एप्रिल, शनि.

उरलेले आकडे कळंबलाच दोन डब्यांत होते, बाहेरच्या पडवीत. पानवेलीचे वेल बांधायला थोडे घ्यावेत म्हणून डबे उघडले. पहिल्यात थंड वाकवलेले, जसे होते तसे करडे. दुसऱ्यात भाजलेले. हात घातला तो लाल झाला. सगळे गंजलेले. डब्याच्या तळाला चूर्ण.

तिथेच बसलो.

जाळात जस्त जळून गेलं. तो पांढरा धूर म्हणजे मुलामाच. कंपनीत आमची तार काळी असायची, साधी, तिला मुलामा कधी नव्हताच. भाजायची सवय तेवढी बरोबर घेऊन आलो. चांगली तार घेतली आणि तिचं कातडं सोलून, नेमकी समुद्राकडच्या भिंतीत घातली.

गंज चढला तर आकडे तुटतील. आकडे गेले तर जाळी, जाळी गेली तर गिलावा. मग पाणी पेंढ्यात. पुढचं गणपतने सांगून ठेवलं आहे.

बाहेरून काही दिसत नाही. पांढरी, गुळगुळीत भिंत.

२७ एप्रिल

मिस्सा. लक्ष नव्हतं. रे.बाय पुढच्या बाकावर. घर पुढच्या रविवारी, ४ तारखेला आशीर्वादित करायचं ठरवलं आहे. फादरना वेळ आहे.

२९ एप्रिल, मंगळ.

सांगितलं नाही. काल ती पलंग घेऊन आली. मी पलंगाचे पाय समान करून दिले.

वसईहून तिचं सामान आलं. एक ट्रंक, एक शिवणयंत्र, देवाची तसबीर. चौतीस वर्षांचं एवढंच.

दुसरा डबा मी पिशवीत घालून घरी आणला आहे. का आणला ते मला ठाऊक आहे.

३ मे, शनि.

पापनिवेदनाला गेलो. सगळं सांगितलं. धूर, अभिमान, डबा लपवला ते. फादर ऐकत होते. मग म्हणाले, "तार भाजली हे पाप नाही. पण बाकीचं मला सांगून भिंतीला काय उपयोग?"

प्रायश्चित्त म्हणून काय म्हणू, विचारलं.

"प्रार्थना सोपी पडेल तुम्हाला. बहिणीला सांगा."

४ मे, रवि.

सांगितलं नाही. माणसं खूप होती.

फादरनी चारही भिंतींवर पवित्र पाणी शिंपडलं. पश्चिमेच्या भिंतीवर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण पाणी दोनदा शिंपडलं. गणपत मागून कुजबुजला, "भिंतीला पानी नको म्हनावं फादरना." लोक हसले. मीही.

६ मे, मंगळ.

सकाळी आठला डबा घेऊन कळंबला गेलो. ती अंगण झाडत होती. डबा ओट्यावर उलटा केला. म्हटलं, बाय, तुझ्या उशाच्या भिंतीत हे आहेत. मग सगळं, क्रमाने.

तिने एक आकडा उचलला, नखाने खरवडला, पदराला बोट पुसलं.

"म्हणजे तो ताप."

"कुठला?"

"गोड पाण्याचा ताप. जस्ताचा धूर. पितळेच्या भट्टीवरचे दोन पेशंट आले होते माझ्याकडे, अगदी अस्संच. मला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं." आणि आकडा खाली ठेवून, "मरायला झालं असतं तुला. छाती दाखवलीस का नंतर?"

भिंतीबद्दल एक शब्द नाही. मी म्हटलं, उद्यापासून फोडतो, सगळे आकडे बदलतो.

"हात लावायचा नाही भिंतीला," म्हणाली. "सायलीला बोलव."

झाडू परत घेतला. ओट्याभोवतीची जागा झाडून झाली तरी तिथेच झाडत होती.

८ मे, गुरु.

सा. आली. डब्यातला एक आकडा बोटांत फिरवून बघितला. मग म्हणाली, चूक तिचीही आहे, तार भाजू नका असं तिने सांगायला हवं होतं. मला हे बरं वाटलं नाही. तिने जीआय सांगितली होती. आणखी काय सांगायचं.

तिचं मत: चुन्यात बुडालेला भाग टिकतो, चुना लोखंडाला सांभाळतो. पेंढ्यातले पाय किती टिकतील ते सांगता येत नाही. कोरडे राहिले तर कितीही वर्षं. ओल शिरली तर एक पावसाळा. आत्ता फोडलं तर नवा चुना वाळायला महिना लागेल, आणि पाऊस त्याच्या आत येणार. म्हणजे उघडी भिंत पावसात. फोडायचं तर दिवाळीनंतर.

मी म्हटलं, तोवर बाय आमच्याकडे राहील.

"तोवर बाय इथेच राहील," रे.बाय म्हणाली.

"आणि कळणार कसं आत काय चाललंय?" मी विचारलं.

ती सायलीकडे वळली. "ती काचेची खिडकी म्हणाली होतीस ना? ती करा. उशाशी. याचा एक आकडा दिसेल अशी."

सा. म्हणाली, आंटी, ती खिडकी पेंढा दाखवायला असते.

"पेंढा मला माहीत आहे."

११ मे, रवि.

मिस्सेनंतर खिडकी केली. वीतभर चौकोन, गिलावा हलक्या हाताने काढला. जाळी, तिच्याखाली पिवळा पेंढा, मधोमध एक आकडा. त्याच्या पाठीवर चुना होता तो ब्रशने साफ केला. गंज नव्हता, थोडा काळपट. सागाची चौकट, काच, कडेने भरायला लांबी.

म्हटलं, दुसरीकडे कुठे तरी करू, पलंगावरून सारखा दिसेल.

"म्हणून तर."

२१ मे, बुध.

मे महिन्याची रोजरी, आज तिच्याकडे पाळी. संध्याकाळी कळंबच्या वीस-पंचवीस बाया. प्रार्थना झाल्यावर एक म्हातारी चष्मा लावून काचेशी गेली.

"यात कोन संत हाय गो, रेजिन? काय दिसत नाय मना."

"संत नाही. माझा भाऊ आहे."

म्हातारीने मागे वळून मला नखशिखांत बघितलं. "यो तर भाइर उभा."

सगळ्या हसल्या. मी चणे वाटायला लागलो. हसत होतो बहुतेक. पण मग लक्षात आलं, पंधरा दिवसांत पहिल्यांदा रे.बायने मला नीट पाहिलं.

३० मे, शुक्र.

नवे आकडे पूर्ण. साडेतीनशे, थंड वाकवलेले. पाय फाकतात. फाकू देत. एकेकाला तेल लावून डब्यात भरले. डबा तिच्या दाराशी खुंटीला टांगला. दिवाळीनंतर लागले तर हाताशी असावेत.

बाहेरच्या अंगाला पश्चिमेला झावळ्यांचा आडोसा केला, गणपत मदतीला होता. तो म्हणाला, "झड आली का हे उडनार, पन मनाला बरं."

१७ जून

पाऊस चालू होऊन आठवडा. आठवड्यातून दोनदा जातो. आकडा तसाच. पेंढा कोरडा दिसतो.

मो.: "बायला भेटायला जाता की तारेला?"

५ जुलै, शनि.

चार दिवस झड. आडोसा उडाला, तो सुरूत अडकलेला मिळाला. भिंतीवर बाहेरून हात फिरवला. ओली आहे, पण बाहेरून कुठली भिंत ओली नसते. फुगवटा नाही, भेग नाही. पोकळ आवाज येतो का म्हणून बोटाने ठोकत खालपासून वरपर्यंत गेलो. डॉक्टर पाठ ठोकतात तसा. आतून तिने ठोकून उत्तर दिलं.

२७ जुलै, रवि.

आकड्याच्या वळणाशी एक ठिपका. मसुराएवढा, तांबूस. बॅटरी लावून बघितला. मागच्या वेळी होता का? नसावा. काचेवरचा डाग असेल म्हणून काच पुसली. डाग नव्हता.

तिला दाखवला. "वय झालं की येतात असे," म्हणाली आणि स्वतःच्या हाताच्या पाठीवरचे डाग दाखवले.

मला हसू आलं नाही.

२ ऑगस्ट

ठिपका तेवढाच आहे असं मला वाटतं. मोजायला पट्टी नेली होती. काचेवरून नीट मोजता येत नाही.

परत येताना जपमाळ अर्धीच झाली. मोजण्यात मन होतं.

१९ ऑगस्ट, मंगळ.

काचेवर पडदा. पांढरा, कडेला क्रोशाचं काम. शिवणयंत्रावर तिने स्वतः शिवला. मी बाजूला सारायला हात पुढे केला तशी म्हणाली, "पावलू, मी इथे झोपते. रोज सकाळी डोळे उघडले की समोर ते. मला भीती वाटत नाही. तू येऊन काचेला नाक लावून उभा राहिलास, की वाटते."

हात मागे घेतला. म्हटलं, पुढच्या वेळी बघणार नाही.

"बघ की. पण आधी बस."

८ सप्टेंबर, सोम., मरियामातेचा जन्मदिन

नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादित झाल्या. चार लोंब्या रेजिनबायकडे घेऊन गेलो. पाऊस थांबून-थांबून. तिने लोंब्या तसबिरीला खोचल्या. नव्या आकड्यांचा डबा दाराशी खुंटीला आहे, झाकणावर कोळिष्टक.

पडदा ओढलेला होता. मी त्या बाजूला गेलो नाही. खाली चटईवर बसलो, पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून. तिच्या लक्षात आलं.

"विचारत नाहीस?"

"नाही."

"मी पाहिलं सकाळी," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

काय पाहिलं ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. स्टोव्हचा आवाज, भिंतीपलीकडे लाटा. पाठीला गार लागत होतं. वखारीतल्यासारखा गारवा होता की ओल, ते कळायला पाठ उचलून हात लावून बघावं लागलं असतं. चहा येईपर्यंत तसाच बसून राहिलो.